बूड कोरडं पाहिजे

९ नोव्हेंबर
गाडी आली. पलीकडून फेरीबोटीत, टेंपोवर बांधून. बोटीतली सगळी माणसं खाली उतरून बघायला. एकानं विचारलं, "काका, छप्पर वाटेत पडलं काय?" म्हटलं, हिला छप्पर नसतंच. "मग अर्ध्या किमतीत दिलीन असेल." हसले. हसू देत.
दोन माणसांची, बसकी, फायबरची, दारं नसलेली. मूळची गोव्यात बनलेली. गुहागरकडच्या हॉटेलवाल्यानं नव्या जोडप्यांना फिरवायला घेतली होती म्हणे. पुढे तीत कोंबड्या राहिल्या. डिकीत एक अंडं निघालं. हातात फुटलं. वास अजून जात नाही.
दादाला खुर्चीसकट अंगणात आणला. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येतंय. म्हणाला, "मेल्या वसंता, एक पाय गेला तर तू मला कोंबडीच्या गुवानं भरलेली गाडी आणलीस. दुसरा गेला की काय आणशील, तिरडी?"
पण बघत राहिला. हे लिहून ठेवतो. जेवायला हाक मारली तरी बघत राहिला.

११ नोव्हेंबर
वहिनी आज चहा ठेवताना बोलली. "भावोजी, यांच्या ड्रेसिंगला रिक्षा करायची तर आपण इकडून तिकडून जमवतो. नि तुम्ही बोटीतला वाटा विकून हे आणलंत."
खरंच आहे. पण मला दुसरं कोण आहे? बायको नाही, पोर नाही. मिसरूड फुटायच्या आधी दादानं मला इंजिनाशी बसवला. तो तांडेल, वर सुकाणूला. मी खाली, तेलात. इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू यायची नाही. म्हणून तो डाव्या टाचेनं माझ्या डोक्यावरच्या फळीवर ठोका द्यायचा. एक ठोका, चल. दोन ठोके, थांब. सगळा समुद्र मी तेवढ्यावर केला, बाहेर न बघता.
ती टाच गेल्या वर्षी साखरेनं नेली. डावा पाय गुडघ्याखाली कापला. तेव्हापासून चौघं उचलून रिक्षात घालतात. परवा उचलताना शेजारचा नथू म्हणाला, "तांडेल, पाय गेला तरी वजन काय उतरलं नाय. बर्फाचा धंदा केलात तर बरा, लादी उचलायची सवय होईल आम्हाला." सगळे हसले. दादासुद्धा. घरी आल्यावर मला म्हणाला, "माणसाच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच. रोज रोज नको."
तरुणपणी दोन वर्षं परदेशी जहाजावर होता, तेव्हा कुठल्याशा बंदरात बघितलेली अशी लाल गाडी. तिचं चित्र बोटीच्या केबिनमध्ये चिकटवलेलं होतं, खाऱ्या हवेनं पांढरं होईतो.
एकदा त्यानं ही गाडी स्वतः हाकत जेटीपर्यंत जावं. कुणी न उचलता. माझं मागणं एवढंच.

१५ नोव्हेंबर
पेट्रोलची टाकी काढली. आत नुसता गंज. खाडीतले बारीक गोटे, साखळीचा तुकडा नि पाणी घातलं, मांडीवर घेऊन हलवत बसलो, रडतं पोर हलवावं तशी. लाल पाणी येतंच राहिलं. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. भंगारात निघालेल्या लाँचची वायर फुकट मिळाली, ती ओढली.
बॅटरीला पुढे जागा होती, पण मी ती सीटखाली, अगदी तळाला बसवली. फ्यूजची पेटीही तिथेच. वजन तळाला असलं की डुलत नाही. दादाही हेच म्हणाला.
तो दिवसभर खुर्चीत, हातात काठी. "पाना उलटा धरलास." "घाम पूस, टाकीत पडतोय." "तुला इंजिनाशी बसवला ही माझी जन्माची चूक."
वर्षभर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. आज शिव्या खाल्ल्या पोटभर. जेवण कमी गेलं.

१९ नोव्हेंबर
क्लच. डावा पाय नाही तर दाबणार कशानं? जुन्या लाँचच्या केबिनमधला दांडा, केबलसकट, आणून सुकाणूच्या डावीकडे बसवला. (स्टिअरिंग म्हणायला पाहिजे. जमत नाही.) खेचला की क्लच दबतो. तसाच लहान दांडा उजवीकडे, रेसला. बोटीसारखंच झालं सगळं.
ब्रेक तेवढा उजव्या पायात राहिला. म्हटलं, तोही हातात देतो. दादा म्हणाला, "माझ्या बोटीला कधी ब्रेक होता? रेस सोडली की थांबते."
हसलो दोघं. वहिनी आतून बघत होती. ती नाही हसली.

२४ नोव्हेंबर
दादाचं ड्रेसिंग, चिपळूण. शुगर चढलेली. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. डॉ.नी सुई टोचली. दादा म्हणतो, "टोचा की, थांबलात कशाला?" डॉ. म्हणाले, "टोचली, आजोबा."
मग त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.
मला बाहेर घेऊन डॉ.नी सांगितलं, काळं वर सरकलं की थांबायचं नाही, तडक घेऊन या. हाही पाय काढावा लागेल.
परत येताना दादा: "काय सांगितलान त्यानं?" म्हटलं, भात कमी करा म्हणाला. "खोटं बोलताना तुझे कान हलतात. लहानपणापासून."
हात लवकर चालवायला हवा.

२८ नोव्हेंबर
गाडीखाली शिरलो. बुडाला चार भोकं! चांगली अंगठा जाईल एवढी. बुचं कधीच गळून गेलेली. ओरडून दादाला सांगितलं. तो खुर्चीत ताठ झाला. "भोकं? बुडाला? आणि तू वरचं करत बसलायस? आधी बूड बघ. बूड कोरडं पाहिजे, मग बाकीचं."
फायबरची मॅट नि रेझिन आणून चारी भोकं आतून बाहेरून बुजवली. एकावर एक थर. आमच्या होडीचं बूड कधी एवढ्या मायेनं केलं नव्हतं.

३० नोव्हेंबर
आज बूड तपासलं. होडीचं तपासतो तसंच. बॅटरी नि फ्यूजची पेटी तेवढ्यापुरती काढून ठेवली, आत बादल्यांनी पाणी भरलं नि खाली कोरडी माती पसरून बसलो. दादा खुर्चीतून वाकून बघतोय. सकाळचे दुपारपर्यंत बसलो. मातीवर एक थेंब नाही.
मग पत्र्याच्या डब्यानं पाणी उपसलं, फडक्यानं पुसून घेतलं.
दादानं काठीनं जवळ बोलावलं. पाठीवर थाप मारली. त्याच्या हाताखाली अख्खा जन्म काढला, थाप पहिलीच. रात्रभर ती जागा गरम होती असं वाटलं. म्हातारपणी काय एकेक वाटतं.

४ डिसेंबर
चालू झाली! तिसऱ्या खेपेला धरली. धूर, कोंबड्यांचा उरलासुरला पिसारा सायलेन्सरमधून बाहेर. नथू भिंतीवरून, "काय वसंतकाका, चिकन भाजताय?" भाज म्हटलं तुझं तोंड.
रंग लावला. बोटींचा उरलेला लाल, ब्रशनेच. पट्टे दिसतात जवळून. लांबून झकास.
दादाला आत बसवला. मी नि वहिनीनंच, दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही. त्यानं क्लचचा दांडा खेचला, सोडला, खेचला. मग मुठीनं डॅशबोर्डवर एक ठोका. मी शेजारच्या सीटवर बसल्या बसल्या दचकलो. पाय आपोआप हलले. "एक म्हणजे?" त्यानं विचारलं. "चल." "नि दोन?" "थांब." "विसरला नायस तर."
आज नेत नाही म्हणालो, रंग ओला आहे. उद्या ड्रेसिंग, परवा सकाळी जेटी. ठरलं.
रंगाचं कारण कशाला काढलं मी? ओल्या रंगानं कुणाचं काय बिघडलं असतं.

५ डिसेंबर
चिपळूण. काळं अर्ध्या पावलापर्यंत. डॉ. म्हणाले आजच दाखल करा, उद्या कापू, गुडघ्याच्या खाली राहतंय तोवर. दादा म्हणाला, "परवा येतो. उद्या मला एक काम हाय." वहिनी पाया पडली त्याच्या. दवाखान्याच्या लादीवर बसून, त्याच पायाच्या. हलला नाही. कागदावर अंगठा दिला, स्वतःच्या जबाबदारीवर घरी.
बाहेर आलो तर आभाळ फाटलेलं. डिसेंबरात. टपरीवरचे बागायतदार मोहराच्या नावानं गळे काढत होते. गाडी उघडी, पडवीला लागून. रंग वाळायला म्हणून ताडपत्री काढून ठेवली होती.
घरी पोचलो तेव्हा पाऊस थांबलेला. पडवीच्या पत्र्याची पन्हळ नेमकी गाडीवर संपते, हे मी ह्या घरात एवढी वर्षं राहून कधी बघितलं नव्हतं. गाडी काठोकाठ. गिअरचा दांडा बुडालेला. सीटखालची बॅटरी, फ्यूज, वायरी, सगळं पाण्यात. वर आंब्याचं एक पान फिरत होतं.
खाली वाकलो. जमीन सगळीकडे ओली, गाडीच्या पोटाखाली तेवढी कोरडी. एक थेंब गळला नव्हता. काम चोख झालेलं.
ती भोकं पाणी जायला होती. उघड्या गाडीला ती लागतात. शेंबड्या पोराला कळेल. आम्हां दोघांना नाही कळलं. आम्ही आयुष्यभर पाणी खालूनच येताना बघितलं.
दादा रिक्षात बसूनच हसायला लागला. "वसंता, तुझं बूड कोरडंच हाय रे. समुद्र आत हाय." एवढा हसला की ठसका लागला. मग थांबला. मग माझ्याकडे बघितलंच नाही.

६ डिसेंबर
उपसायला गेलो तर आत तीन बोय मासे पोहत होते. जिवंत. रात्री कुणीतरी आणून सोडलेले. भिंतीमागे नथू नि त्याचा मोबाईल. "तांडेलांना सांगा, गळ घेऊन बसा. आता बाहेर जायला नको."
दुपारपर्यंत व्हिडिओ गावभर. संध्याकाळी मुंबईहून महेशचा फोन, दादाचा मुलगा. "काका, ऑफिसात एकानं मला दाखवला. तुमच्याकडचा दिसतोय म्हणाला. मी नाही सांगितलं तो माझा काका आहे म्हणून."
बरं केलंस म्हटलं.
मासे खाडीत नेऊन सोडले. एक मेला होता.

७ डिसेंबर
दादाचा हुकूम. "गाडी चालू होईल, मी जेटीवर जाऊन येईन, मग पाय देईन. त्याआधी कुणी हात लावायचा नाय." महेशनं फोनवर समजावलं, वहिनीनं देवाची आण घातली. भिंतीकडे तोंड.
म्हणजे आता त्याचा पाय माझ्या पान्यात.
बॅटरी मेली. वायरी बदलायला पाहिजेत, पुन्हा सगळ्या. स्टार्टरमध्ये पाणी. हाताशी काही उरलं नाही. सोन्याची अंगठी होती, आईची. गेली.

९ डिसेंबर
वहिनी परसात आली, मी स्टार्टर खोलून बसलो होतो. "भावोजी, त्यांना सांगा गाडी मेली. कायमची. मग तरी येतील दवाखान्यात."
मला पटलं. आत जाऊन बसलो. म्हटलं, दादा, इंजिन जाम झालं. आता ती चालायची नाही. सोड तिचा नाद.
तो माझ्या कानांकडे बघत होता.
"बरं," म्हणाला. "मग पाय पण राहू दे. दोघं बरोबर कुजू."
वहिनी दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाली, "उभे काय राहिलात? जा. जोडा."

११ डिसेंबर
बुडाला भोकं पाडली. तीच चार, तिथेच. ड्रिल लावलं नि हात चालेना. होडीच्या बुडाला भोक पाडणारा हात आमच्यात माणसाचा समजत नाहीत. डोळे मिटून दाबलं. आत मुरलेलं पाणी तोंडावर आलं, कुबट, रंगाचं.
पायाचा वास आता पडवीपर्यंत येतो. वहिनी ऊद जाळते. माशा ऊद मानत नाहीत.

१३ डिसेंबर
ताप. रात्री बडबडला, बोटीवरचं. "वसंता, मागे घे, मागे घे, खडक." मी उशाशी बसून "घेतली" म्हणत होतो. "घेतलीस?" "घेतली, दादा." मग झोपला.
काळं घोट्याच्या वर. आता गुडघाही राहायचा नाही बहुतेक.
वहिनीनं ताट आदळलं. "तुमच्या हातानं मारताय तुम्ही माझा माणूस. मायेनं मारताय, म्हणून कुणाला दिसत नाय." भात तसाच ठेवला. ती बोलली ते खोटं असतं तर गिळला असता.
महेशनं तिकडून अ‍ॅम्ब्युलन्स ठरवली. उद्या तो स्वतः घेऊन येतोय. शुद्धीत असो नसो, उचलून नेणार. फोनवर म्हणाला, "बाबांना काही झालं तर काका, मी तुम्हाला ओळखणार नाही." ते तू आधीच सुरू केलंयस, असं तोंडावर आलं होतं. नाही बोललो. पोर घाबरलंय.
स्टार्टर बसवला. फ्यूज वर घेतले, डॅशबोर्डच्या मागे. बॅटरी एका लाँचवाल्यानं दिली, दोन दिवसांच्या बोलीवर.

१४ डिसेंबर
पहाटे चावी फिरवली. पहिल्या झटक्याला धरली. मी लगेच बंद केली, दादाला कळू नये म्हणून. विचार करायला वेळ हवा होता.
आतून आवाज आला, बारीक, पण तांडेलाचाच. "एक सिलिंडर मारत नाय तुझा. तीनवर चाललीय. चालेल तेवढ्याला."
आत गेलो तर उठून बसलेला. ताप उतरलेला, डोळे लख्ख. वहिनीला म्हणाला, पांढरा शर्ट काढ. घड्याळ मागितलं. भांग पाडून घेतला. मी इतका स्वच्छ त्याला त्याच्या लग्नात बघितला होता.
महेशचा फोन, चिपळूण सोडलं. म्हणजे येईलच आता.
मी म्हटलं, दादा, मी चालवतो, तू शेजारी बस. जेटीपर्यंत जाऊ. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. म्हटलं, ब्रेक उजव्या पायात आहे. तुला तो पाय लागतोय का तरी? सुई टोचली ती कळली नव्हती तुला. जेटीला उतार आहे, पुढे खाडी आहे, कठडा नाही.
"मला जेटी शिकवतोस?"
"थांबणार कसा?"
"कायम थांबलो तसा. दोन ठोके देईन. थांबवायचं काम तुझं."
हँडब्रेक दोन सीटांच्या मधे आहे. माझ्या उजव्या हाताला येतो. दोनदा खेचून बघितला, पकडतो. म्हणजे तो वर, मी खाली. पूर्वीसारखं. तो दोन ठोके देईल, मी खेचेन. त्यात अवघड काही नाही.
काल तापात एकदा मला म्हणाला होता, दोन्ही पाय नसलेल्या माणसाला चौघं नाही लागत, दोघं पुरतात. आणि हसला होता. तापातलं बोलणं म्हणून मी लिहिलं नाही. आज लिहितोय.
मघाशी मी नि वहिनीनं त्याला गाडीत बसवला. पायाला नवं फडकं गुंडाळलं, पेडलवर ठेवला. लाकडासारखा राहिला तिथे. वहिनीच्या हातात नारळ आहे. नवी होडी पाण्यात घालताना घरची बाई वाढवते तसा वाढवायला आणलाय की कशाला, तिलाच माहीत नाही. वाढवत नाही, खालीही ठेवत नाही. मला म्हणाली, "भावोजी, तुम्ही आहात ना बरोबर?" आहे म्हटलं. कान हलले का ते तिनं बघितलं.
चष्मा आणायला म्हणून आत आलो नि लिहीत बसलो. हँडब्रेक मी एका ठोक्याला ओढू शकतो, ठोका न देताही ओढू शकतो. पण एवढ्या वर्षांत त्याच्या ठोक्याआधी मी कधी काही केलेलं नाही. हाताला ते ठाऊकच नाही.
वरच्या वळणावर भोंगा ऐकू येतोय. महेशच असेल. इंजिन चालू आहे, तीनवर.
चष्मा डोळ्यांवरच होता.
अंगणातून ठोका आला. एक.